एका वेलांटीचा फरक: आपल्या ब्रँडसारखं नकली डोमेन सापडलं तर काय करायचं

दिवाळीला बारा दिवस होते आणि डोंबिवलीहून एका काकूंचा फोन आला. "ताई, भाजणीचे आणि कांदा-लसूण मसाल्याचे पैसे भरून आठ दिवस झाले. माल नाही, वर तुम्ही फोनही उचलत नाही." आमच्या वहीत त्यांचं नावच नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांनी साइटचा फोटो पाठवला आणि मी चाट पडले. बरण्या आमच्या, लेबल आमचं, भाजणी चाळणारा हात माझ्या जावेचा, बांगड्यांसकट. फरक फक्त वरच्या पत्त्यात. आमच्या नावातली दीर्घ वेलांटी आम्ही डबल ई लिहून दाखवतो, तिथे नुसता आय होता.

काकूंचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या मुलीच्या नावातली वेलांटी त्या शाळेच्या दाखल्यापासून आय लिहूनच दाखवत आल्या आहेत. आमचं नाव त्यांनी कानांनी ऐकलं आणि हातांना सवय होती तसं टाइप केलं. मराठी नावांची गोची इथेच आहे. रोमन लिपीत त्यांचं एकच एक "बरोबर" स्पेलिंग नसतं. इंग्रजी ब्रँडच्या गिऱ्हाइकाची बोटं घसरावी लागतात, तेव्हा चोराला संधी मिळते. आपल्या गिऱ्हाइकाने नीट विचार करून टाइप केलं तरी तो चोराच्या दारात पोहोचू शकतो.

सांगलीत मी आणि माझी जाऊ मिळून मसाल्यांचा छोटा व्यवसाय चालवतो. त्या फोनपासून ते नकली डोमेन, म्हणजे साइटचा तो पत्ता, आमच्या नावावर होईपर्यंत जे करावं लागलं आणि जे करायला नको होतं, ते इथे क्रमाने मांडते. मी वकील नाही. वकील लागतोच, पण त्याच्याकडे जाताना हातात काय असावं हे माहीत असेल तर वेळ आणि फी दोन्ही वाचतात.

१. आधी पुरावा, मग राग

माझी पहिली चूक ही की मी तिरीमिरीत त्या साइटवरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून कोणी बोललं नाही, पण संध्याकाळपर्यंत संपर्काचं पान गायब झालं. म्हणून कोणालाही काही कळवण्याआधी हे उरकून घ्या:

- प्रत्येक पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट. वरचा पत्ता आणि संगणकावरची तारीख-वेळ दिसलीच पाहिजे. फोनवर नुसतं पान दिसतं, म्हणून हे काम संगणकावर करा.
- ऑर्डर टाकण्यापासून पैसे भरण्याच्या पानापर्यंतचा स्क्रीन रेकॉर्डिंगचा व्हिडिओ. पैसे भरू नका, फक्त तिथला यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक टिपून घ्या.
- इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्या पानांची प्रत जतन करा. ही प्रत तिसऱ्याच्या ताब्यात असते, त्यामुळे "तुम्हीच फोटो बनवला" असं कोणाला म्हणता येत नाही.
- फसलेल्या ग्राहकांचे मेसेज, पावत्या, बँकेचे एसएमएस. ते आले त्या फोनमध्ये तसेच राहू द्या. पुढे पाठवलेली प्रत आणि मूळ मेसेज यांत फरक असतो.

कोर्टात जायची वेळ आली तर अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं. १ जुलै २०२४ च्या आधी हेच काम जुन्या कायद्याचं कलम ६५ब करत होतं, त्यामुळे वकिलांच्या तोंडी अजून तोच आकडा असतो. कोणत्या संगणकावर, कोणी, कधी प्रत घेतली हे एका वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठवत नाही.

२. डोमेन कधीचं आहे ते बघा

प्रत्येक डोमेनची नोंद उघड बघता येते. तिला सगळे हूइज म्हणतात. डॉट कॉमसाठी आयकॅन या जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या साइटवर शोध घेता येतो, डॉट इनसाठी डॉट इनच्या नोंदणी यंत्रणेच्या साइटवर. मालकाचं नाव बहुतेक वेळा झाकलेलं असतं. २०१८ मध्ये युरोपात खाजगी माहितीचा कायदा लागू झाल्यापासून ही झाकपाक सर्रास झाली आहे. त्याने खट्टू होऊ नका, कारण कामाच्या गोष्टी उघड्याच असतात: डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडून (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून) घेतलं, तक्रारीचा ईमेल कोणता, पत्त्यावरून साइटपर्यंत नेणारे नेमसर्व्हर कोणते, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे नोंदणीची तारीख.

ही तारीख तुमच्या ब्रँडच्या आधीची असेल तर इथेच थांबा आणि डोकं शांत करा. समोरचा कदाचित चोर नसेलच. त्याचं आडनाव तेच असेल, गावाचं नाव असेल, किंवा दहा वर्षांपूर्वी त्याने प्रामाणिकपणे घेतलेलं असेल. आमच्या बाबतीत तारीख दिवाळीच्या पाच आठवडे आधीची निघाली. आमची साइट तेव्हा सहा वर्षांची होती.

अजून एक गोष्ट तपासा, जी आम्हाला भाच्याने सांगेपर्यंत सुचली नव्हती. त्या डोमेनवर ईमेलची सोय लावलेली आहे का? डोमेनच्या तांत्रिक (डीएनएस) नोंदी दाखवणाऱ्या कुठल्याही मोफत साइटवर एमएक्स नोंद, म्हणजे ईमेल कुठे पोहोचवायचा याची नोंद, शोधली की कळतं. ती असेल तर तुमच्या नावाने पत्रव्यवहार होऊ शकतो. दुकान दिसतं तरी, ईमेल दिसत नाही. "आमचं बँक खातं बदललं आहे, या महिन्याचं बिल नव्या खात्यात भरा" असा एक ईमेल तुमच्या घाऊक गिऱ्हाइकाला गेला तर त्याचे लाखभर रुपये जातात आणि तुमचे संबंधही. ज्यांच्याशी उधारीचे व्यवहार आहेत त्या सगळ्यांना त्याच दिवशी फोन करून सांगा. लिहून नव्हे, फोन करून.

३. पैसे गेले असतील तर १९३०

ग्राहकाचे पैसे गेले असतील तर त्याला लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला लावा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवायला सांगा. जितका लवकर फोन, तितकी पैसे पुढच्या खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त. तक्रार ज्याचे पैसे गेले त्याने करायची असते. आपण मदत करायची, स्क्रीनशॉट द्यायचे. काकूंना हे जमेना, तेव्हा माझ्या जावेने फोनवर तासभर बसून त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतला.

तुम्ही स्वतः वेगळी तक्रार करा. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. पोलीस ठाण्यात "हे ट्रेडमार्कचं प्रकरण आहे, दिवाणी कोर्टात जा" असं ऐकायला मिळू शकतं. म्हणून बोलताना सुरुवात ट्रेडमार्कपासून करू नका. "आमच्या नावाने दुकान थाटून लोकांचे पैसे घेतलेत" इथून करा.

४. साइट बंद पाडा, पण तिथे थांबू नका

एकाच वेळी चार दारं ठोठवायची: रजिस्ट्रार, होस्टिंग कंपनी (जिच्या संगणकांवर साइट ठेवलेली असते ती), ब्राउझरवाले, आणि पैसे स्वीकारणारी बँक किंवा पेमेंट गेटवे. गुगलच्या सेफ ब्राउझिंग या धोकादायक साइट ओळखणाऱ्या सेवेकडे साइट कळवली आणि त्यांना पटलं की क्रोममध्ये उघडताना लाल इशारा येतो. हे फुकट आहे आणि पाच मिनिटांचं काम आहे.

रजिस्ट्रारला लिहिताना शब्द जपून वापरा. मी पहिल्या ईमेलमध्ये आमच्या ट्रेडमार्कचा इतिहास दोन पानं लिहिला. उत्तर एका ओळीचं आलं: आम्ही न्यायालय नाही, वाद असेल तर ठरलेल्या मार्गाने जा. दुसऱ्या ईमेलमध्ये ट्रेडमार्क एका वाक्यात ठेवला आणि बाकी फक्त एवढंच लिहिलं की ही नकली दुकानाची साइट आहे, ग्राहकांकडून पैसे आणि पत्ते उकळते, हे पाच स्क्रीनशॉट, ही फसलेल्या ग्राहकाची पोलीस तक्रार. दोन दिवसांत साइट खाली गेली. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या बाबतीत तर आयकॅनच्या करारानुसार ५ एप्रिल २०२४ पासून रजिस्ट्रारवर बंधनच आहे की फिशिंगसारख्या (खोट्या साइटने लोकांची माहिती आणि पैसे उकळण्याच्या) गैरवापराचा ठोस पुरावा आला तर पाऊल उचलायचं. अर्थात खरंच फसवणूक होत असेल तरच हा शब्द वापरा. नुसतं रिकामं पडलेलं डोमेन असेल तर ते फिशिंग नव्हे.

आम्ही पेढे वाटायच्या बेतात होतो. सहाव्या दिवशी साइट दुसऱ्या होस्टिंगवर पुन्हा उभी. दुकानाचं शटर पाडलं तरी जागा त्याच्याच नावावर असते, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

५. जागा मागायची तर सातबारा कुठाय?

डोमेन हिसकावून घ्यायचं तर त्या नावावर आपला हक्क दाखवावा लागतो, आणि त्याचा सगळ्यात सोपा कागद म्हणजे नोंदणीकृत ट्रेडमार्क. नोंदणी नसेल तर दीर्घ वापराच्या जोरावरही लढता येतं, पण मग पुराव्यांचं ओझं वाढतं. हा कागद अजून केला नसेल तर आजच अर्ज टाका.

अर्जाचा फॉर्म टीएम-ए. ऑनलाइन भरला तर व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये, बाकीच्यांना ९,०००. लघुउद्योगाची सवलत हवी असेल तर उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. नंतर आठवलं तर उपयोग नाही. अर्जावर आक्षेप आला तर महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. त्यानंतर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं आणि चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं. नोंदणी मिळाली की ती अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षं चालते.

आमच्यासारखी घरगुती माणसं पाय घसरून पडतात त्या जागा:

नुसता लोगो नोंदवणं. आम्ही पहिल्यांदा तेच केलं, कारण लोगो सुंदर होता. पण डोमेनमध्ये चित्र नसतं, अक्षरं असतात. तुलना शब्दाची होते. म्हणून शब्द स्वतंत्र नोंदवा. नाव देवनागरीत असेल तर रोमन लिपीतल्या स्पेलिंगचाही अर्ज करा. पैसे दुप्पट जातात, पण पुढच्या भांडणात हाच अर्ज उपयोगी पडतो.

चुकीचा वर्ग. एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले आणि पिठं ३० मध्ये येतात, लोणचं मात्र २९ मध्ये. एकाच बरणीवाल्याला दोन वर्ग लागतात. ऑनलाइन विक्रीचा व्यवसाय म्हणून ३५ चाही विचार करा.

"वापर सुरू" ऐवजी "वापरण्याचा विचार आहे" अशी खूण करणं. सहा वर्षं माल विकत असाल आणि अर्जात ही खूण केलीत, तर जुनेपणाचा दावा तुम्हीच पुसून टाकलात. वापराची तारीख घाला आणि शपथपत्रासोबत जुनी बिलं जोडा.

आणि सगळ्यांच्या मालकीचं नाव आपलं म्हणून सांगणं. "सांगली हळद" या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते जिल्ह्यातल्या उत्पादकांचं आहे, एका दुकानाचं नाही. "कांदा-लसूण मसाला" तर पदार्थाचंच नाव. अशा नावांवर डोमेनचा दावा उभा राहत नाही. नोंदणी झाल्याशिवाय वर्तुळातला आर लावू नका, कायद्याला ते चालत नाही. टीएम लावायला हरकत नाही.

अर्ज जाहीर झाला की सरकारी वाटणारी बिलं यायला लागतात, "नोंदणी शुल्क त्वरित भरा" वगैरे. ट्रेडमार्कच्या सरकारी पोर्टलवर आपल्या अर्ज क्रमांकाखाली जे दिसत नाही ते भरू नका. याच जातीचा दुसरा ईमेल: "एक परदेशी कंपनी तुमच्या ब्रँडचं नाव आमच्याकडे नोंदवायला आली आहे, तुम्ही आधी घेता का?" ही जुनी क्लृप्ती आहे. अशी कंपनी नसते. डिलीट करा.

६. डॉट इन असेल तर आयएनडीआरपी

डॉट इनचा कारभार निक्सी ही संस्था बघते, आणि वाद सोडवण्यासाठी तिचं आयएनडीआरपी नावाचं धोरण २००५ पासून आहे. कोर्टात जावं लागत नाही. निक्सी एक लवाद नेमते, दोन्ही बाजू लेखी म्हणणं मांडतात, लवाद निवाडा देतो. धोरणाप्रमाणे ६० दिवसांत निवाडा अपेक्षित असतो आणि गरज पडल्यास ३० दिवस वाढतात. शुल्काचा ताजा आकडा निक्सीच्या साइटवर बघा. वकिलाची फी वेगळी.

तीन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. डोमेन तुमच्या नावाशी सारखं किंवा घोटाळा होण्याइतकं मिळतंजुळतं आहे. समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही. आणि डोमेन वाईट हेतूने घेतलं आहे किंवा वापरलं जात आहे.

पहिली गोष्ट सहज जमते. खरी मेहनत तिसरीत, कारण वेगळ्या अक्षराचा खुलासा प्रत्येकाकडे तयार असतो. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर रेडिफ विरुद्ध रॅडिफ असं प्रकरण आलं. एका अक्षराचा फरक. रॅडिफवाल्यांचं म्हणणं असं की आमचं नाव रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्युचर आणि फ्री या शब्दांची अक्षरं जुळवून बनलंय. न्यायालयाला ते पटलं नाही आणि मनाई हुकूम मिळाला. पुढे सिफी विरुद्ध सिफ्फीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे खुलासा होता की सिफ्फी ही आमच्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरं आहेत. कर्नाटक उच्च न्यायालयाने मनाई उठवली होती, सर्वोच्च न्यायालयाने मे २००४ मध्ये ती परत लावली आणि डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं हे स्पष्ट केलं. आमच्या वकील ताईंनी हे दोन्ही निकाल पहिल्याच पानावर घातले. मला मात्र ते वाचताना हसू आलं. आद्याक्षरं जुळवत बसणारी ती माणसं डोळ्यांसमोर उभी राहिली.

म्हणून "अक्षर सारखं दिसतं" एवढ्यावर तक्रार उभी करू नका. त्याला तुम्ही माहीत होतात हे दाखवा. आमच्याकडे बांगड्या होत्या. जावेच्या हाताचा तो फोटो आमच्या साइटवर चार वर्षांपूर्वी चढवलेला, मूळ फाइल आमच्या फोनमध्ये. आद्याक्षरांचा कुठलाही खुलासा त्या हातापुढे टिकला नसता. समोरून उत्तर आलंच नाही, तरी लवादाने तिन्ही मुद्दे तपासले. उत्तर आलं नाही म्हणजे आपण जिंकलो, असं धरून अर्धवट कागद देऊ नका.

आम्हाला लागलेले कागद:

- ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र, आणि प्रलंबित अर्जांच्या प्रती
- आपल्या डोमेनच्या नोंदणीची पावती आणि नकली डोमेनची हूइज नोंद
- सलग वर्षांची बिलं, जीएसटी विवरणं, अन्नसुरक्षा परवाना, जाहिरातीचा खर्च
- पायरी १ मधले स्क्रीनशॉट, तारखेच्या क्रमाने आणि क्रमांक घालून
- फसलेल्या दोन ग्राहकांची पत्रं आणि पोलीस तक्रारीची प्रत
- वकालतनामा

तक्रारीला ५,००० शब्दांची मर्यादा आहे. कामकाज इंग्रजीत चालतं, त्यामुळे मराठी दैनिकात आलेलं आमच्यावरचं कौतुकाचं कात्रण भाषांतरासह द्यावं लागलं.

मागणी लिहिताना "रद्द करा" असं लिहू नका, "आमच्या नावे हस्तांतरित करा" असं लिहा. रद्द झालेलं डोमेन पुन्हा बाजारात मोकळं होतं आणि तोच माणूस दुसऱ्या नावाने ते घेऊ शकतो.

७. डॉट कॉम असेल तर यूडीआरपी

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट शॉप अशांसाठी आयकॅनचं १९९९ चं यूडीआरपी हे वाद सोडवण्याचं धोरण. तक्रार जिनिव्हाच्या वायपोसारख्या (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) मान्यताप्राप्त संस्थेकडे ऑनलाइन करायची. वायपोचं शुल्क पाच डोमेनपर्यंत निवाडा देणाऱ्या एका पॅनेल सदस्यासाठी १,५०० डॉलर. समोरच्याला उत्तरासाठी २० दिवस असतात आणि सगळं मिळून साधारण दोन महिने लागतात.

मुद्दे तेच तीन, पण एका शब्दाचा फरक महागात पडतो. आयएनडीआरपीत वाईट हेतूने घेतलं "किंवा" वापरलं, इथे वाईट हेतूने घेतलं "आणि" वापरलं. दोन्ही सिद्ध करावं लागतं. त्यामुळे तुमच्या ब्रँडच्या आधी घेतलेलं डोमेन आज कितीही त्रास देत असलं, तरी इथे हात टेकावे लागतात. उगाच दुसऱ्याचं डोमेन बळकावायला आलात असं पॅनेलला वाटलं, तर तसा शेरा निकालात मारला जातो आणि तो निकाल कायम जाहीर राहतो.

समोरच्याने डोमेन विकायची तयारी दाखवली तर? बोलणं लेखी ठेवा आणि आकडा त्याला आधी बोलू द्या. नोंदणीच्या खर्चाहून कितीतरी जास्त रक्कम ट्रेडमार्कवाल्याकडून उकळण्यासाठीच डोमेन घेतलं असेल, तर तो वाईट हेतूचा पुरावा मानला जातो. तुम्हीच आधी पन्नास हजार देऊ केलेत तर तो पुरावा पातळ होतो. हिशोब मात्र करा. दहा हजारांत विषय मिटत असेल आणि माणूस नुसताच हौशी असेल, तर सव्वा लाख खर्चून जिंकण्यात शहाणपण नाही. आमच्या वकील ताईंना हे मत पटत नाही, पण फी मी भरते.

नोटीस पाठवतानाही जपून. पाया नसताना ट्रेडमार्कची धमकी दिली तर समोरचा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ खाली उलट दावा लावू शकतो.

८. कोर्ट कधी

वरच्या दोन्ही मार्गांनी डोमेन मिळतं किंवा रद्द होतं, नुकसानभरपाई एक रुपयाही मिळत नाही. ती हवी असेल, चोर एकामागून एक डोमेन घेत असेल, किंवा आजच्या आज मनाई हवी असेल तर कोर्ट. नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या भंगाचा दावा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १३४ मुळे आपला व्यवसाय जिथे आहे तिथल्या न्यायालयात लावता येतो, चोराच्या गावी जावं लागत नाही. त्याचं नाव माहीत नसलं तरी दावा अडत नाही. आपल्याकडे अशा अज्ञात प्रतिवादीला "अशोक कुमार" म्हणतात. त्या नावाच्या खऱ्या माणसांचं मला वाईट वाटतं.

९. निकाल लागल्यावर

डॉट कॉमच्या निकालानंतर रजिस्ट्रार दहा कामकाजाचे दिवस थांबतो, हरलेला कोर्टात गेला तर कळावं म्हणून. डॉट इनचा निवाडा लवाद कायद्याखालचा असतो, त्याला कलम ३४ खाली आव्हान देता येतं. डोमेन ताब्यात आलं की त्याच दिवशी ते कंपनीच्या खात्यात, कंपनीच्या ईमेलवर घ्या, ज्या मुलाने साइट बनवली त्याच्या खाजगी खात्यात नको. ऑटो-रिन्यू लावा, ट्रान्सफर लॉक लावा, दुपदरी लॉगिन सुरू करा. ईमेल पाठवायचा नसेल तर एसपीएफ आणि डीमार्क नोंदी (या नावाने आलेला कोणता ईमेल खरा मानायचा ते सांगणाऱ्या) "सगळं नाकारा" अशा ठेवा. मग ते आपल्या मूळ साइटकडे वळवा.

१०. आता स्पेलिंगची यादी

हे काम सगळ्यात आधी व्हायला हवं होतं. एक कागद घ्या आणि आपलं नाव फोनवर दहा जणांना सांगा, त्यांना टाइप करून पाठवायला लावा. सांगली, पुणे, बेळगाव, इंदूर, जमल्यास अमेरिकेतला भाचा. आमच्या यादीतल्या गमती बघा. दीर्घ वेलांटी आय की डबल ई. दीर्घ उकार यू की डबल ओ. काना एक ए की दोन. व म्हणजे व्ही की डब्ल्यू. क्ष म्हणजे के-एस-एच की एक्स. ज्ञ म्हणजे आपल्याकडे डी-एन-वाय, उत्तरेत जी-वाय. त ला दक्षिणेतला माणूस टी-एच लिहितो. ळ ला तर रोमन लिपीत अक्षरच नाही. नावात अशा चार जागा असतील आणि प्रत्येकीला दोन पर्याय, तर सोळा स्पेलिंग झाली, आणि त्यातलं एकही चुकीचं नाही.

त्यावर बोटांच्या चुका घाला: एखादं अक्षर गळणं, दोनदा पडणं, शेजारच्याशी अदलाबदल. डोळ्यांना फसवणारी जोडी म्हणजे आर आणि एन. शेजारी उभे राहिले की एम दिसतात. शेवटी डॉट कॉमऐवजी डॉट सीएम, जे कॅमेरूनचं आहे, किंवा डॉट सीओ, जे कोलंबियाचं. नावाला "ऑफिशियल", "शॉप", "सेल" जोडलेली डोमेनं वेगळीच. डीएनएसट्विस्ट नावाचं मोफत साधन अशी शेकडो रूपं बनवून त्यातली कोणती नोंदली गेली आहेत ते दाखवतं, पण वेलांटी-उकारांची ही मराठी यादी आपल्यालाच करावी लागते. ते काम यंत्रापेक्षा आजी चांगलं करते.

सगळी विकत घेऊ नका, त्याला अंत नाही. कानाने होणाऱ्या चुकांपैकी वरची पाच-सहा घ्या, डॉट कॉम आणि डॉट इन दोन्हीत. देवनागरीत नाव असेल तर डॉट भारतही घ्या, ते २०१४ पासून मिळतं. बाकीच्यांवर महिन्यातून एकदा नजर टाका. सीआरटी डॉट एसएच या साइटवर नावाचा तुकडा टाकला की त्याच्याशी जुळणाऱ्या साइट्सना दिलेली सुरक्षा प्रमाणपत्रं दिसतात. नकली दुकानालाही कुलपाचं चिन्ह हवं असतंच, त्यामुळे साइट उभी राहण्याआधीच कधी कधी सुगावा लागतो. जुनं, वापरात नसलेलं डोमेन सोडून देताना दोनदा विचार करा. तुमच्या जुन्या पाकिटांवर अजून तोच पत्ता छापलेला असतो.

आमची यादी स्वयंपाकघरात, गॅसच्या नळीच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलेली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला जाऊ बसते, मी चहा ठेवते. ते आय वालं डोमेन आता आमचं आहे आणि त्यावरून रोज दोन-चार माणसं येतात. डोंबिवलीच्या काकू अजूनही तिथूनच येतात.